सीटखालचा कॉम्प्रेसर: एका पिकअपमधल्या जागेचा हिशोब

शेठनी खोकं टेबलावर ठेवलं आणि दुसऱ्याच वाक्याला जागाही सांगून टाकली. "बॉनेटखाली, बॅटरीच्या शेजारी बसवा दादा. सगळे तिथंच बसवतात." खोक्यात १२ व्होल्टचा, दोन सिलिंडरचा, बिनतेलाचा कॉम्प्रेसर होता. वजन ८ किलोच्या आसपास. सोबत ९ लिटरची टाकी, प्रेशर स्विच आणि वायरिंगचं भेंडोळं. बॉनेट उघडून बघितलं तर बॅटरीच्या बाजूला, मडगार्डच्या आतल्या अंगाला, बरोबर त्या मापाची जागा मोकळी. मीही मान हलवली. त्या मान हलवण्यापायी तोच कॉम्प्रेसर पाच महिन्यांत दोनदा बसवावा लागला, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितोय.

गाडी २०१८ची, बीएस-४ डिझेल, डबल-कॅब, चारही चाकांना ड्राइव्ह असलेली. शेठचा धंदा शेतावर सौरपंप बसवण्याचा. हौद्यात पॅनेलच्या फ्रेमा, एचडीपीई पाइपची वेटोळी, मोटरी, कधी सिमेंटच्या चार गोण्या. आमचं गॅरेज आळेफाट्याला, त्यामुळे गाडीचा फेरा रोज डोळ्यासमोर असतो. आज बेल्ह्याकडे, उद्या आणे घाट चढून पलीकडे, परवा माळशेज उतरून मुरबाडच्या भातखाचरात.

हवा कशाला लागते, हे आधी विचारलं. जूनमध्ये पाऊस पडून गेल्यावर कालव्याकडच्या काळ्या रानाला वाफसा यायच्या आत गाडी आत न्यावी लागते, कारण शेतकऱ्याचा पंप बंद असतो आणि त्याला वाफशापर्यंत थांबायची सवड नसते. ती माती टायरच्या नक्षीत लोण्यासारखी भरते. मग मामा, म्हणजे शेठचे ड्रायव्हर, पुढची चाकं २० पीएसआयवर आणि मागची २४ वर आणतात, लो गिअर टाकतात आणि गाडी बाहेर काढतात. डांबरीवर आलं की पुढं ३५, मागं वजन असेल तर ४२ पीएसआय भरल्याशिवाय हायवेला लागता येत नाही. जवळचं पंक्चरचं दुकान दहा-बारा किलोमीटरवर, आणि तेवढं अंतर बसक्या टायरवर भरल्या गाडीनं जायचं म्हणजे टायरची साइड शिजवायची. दुसरा उपयोग किरकोळ: सौरपंपाच्या कंट्रोलरच्या पंख्यात अडकलेली धूळ उडवायला हवेची पिचकारी.

या मापाच्या एका टायरच्या पोटात साधारण ६० लिटर जागा असते. पुढच्या दोन्हींत १५-१५ पीएसआय आणि मागच्या दोन्हींत १८-१८ वाढवायचे, म्हणजे एकूण ६६. वातावरणाचा दाब १४.७ धरला तर बाहेरची सुमारे २७० लिटर हवा आत कोंबावी लागते. ९ लिटरची टाकी १२० पीएसआयला भरायची तर आणखी ७०-७५ लिटर. हा कॉम्प्रेसर दाबाखाली मिनिटाला ६५ लिटरच्या आसपास देतो. म्हणजे पाच मिनिटांहून थोडं जास्त सलग काम, आणि तेवढा वेळ ४५ अँपिअर.

एवढं मांडलं होतं आणि तरी चुकलो, कारण जागा बघितली ती सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना. थंड बॉनेटखाली सगळ्याच जागा चांगल्या दिसतात.

पाच मिलिमीटरच्या पट्टीचा ब्रॅकेट केला, रबरी बुश लावले. बॅटरीपासून कॉम्प्रेसर दीड मीटरच्या आत, त्यामुळे वायर आखूड. पाण्यापासून उंच. बॉनेट उघडलं की होज जोडायचं तोंड हाताशी. दोन तासांत काम झालं, अंगणात चारही टायर भरून दाखवले, शेठ खूश.

पहिला खरा पाऊस झाल्यावर तिसऱ्या दिवशी मामांचा फोन आला. "वायरमन, तुमचं यंत्र दोन चाकं भरून झोपलं." तिसऱ्या टायरला बंद पडलं होतं. फ्यूज शाबूत, रिले शाबूत. पंचवीस मिनिटांनी आपोआप पुन्हा चालू झालं. मोटर फार तापली म्हणून तिच्यातल्या तापमानाच्या स्विचनं सप्लाय तोडला होता, म्हणजे कॉम्प्रेसरनं स्वतःला वाचवलं होतं. दोष यंत्राचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलची वायर बॉनेटखाली बांधली, मीटर केबिनमध्ये घेतला आणि मामांबरोबर मीच गेलो. हायवेला पन्नास-साठच्या वेगात त्या कोपऱ्यात ५२ अंश होते. तक्रार करण्यासारखं काही नाही. रानात शिरलो, लो गिअरमध्ये पाऊण तास रखडत काम झालं. इंजिन जोर लावतंय आणि समोरून वारा नाही. आकडा ७०च्या वर गेला. डांबरीवर आलो, गाडी उभी केली, टायरकडे जायच्या आत मीटर ७८ वर आणि थोड्या वेळानं ८१. चालत्या गाडीत वारा उष्णता वाहून नेतो. गाडी थांबली की इंजिन, टर्बो आणि एक्झॉस्टची सगळी धग बॉनेटखाली वर चढून कोंडते. आणि ४५ अँपिअर ओढायचे म्हणून इंजिन बंदही करता येत नाही.

इथं या प्रकरणाची गाठ आहे. या गाडीला हवा लागते ती नेमकी रानातून बाहेर पडल्या पडल्या, म्हणजे दिवसभरात बॉनेटखालची जागा सर्वांत तापलेली असते त्या दहा मिनिटांत. शेठच्या कामाचं घड्याळ आणि त्या जागेचं घड्याळ एकमेकांवर बरोबर आपटत होतं.

कॉम्प्रेसरच्या कागदावर "१०० टक्के ड्यूटी", म्हणजे न थांबता सलग चालेल, असं मोठ्या अक्षरात होतं. खाली बारीक अक्षरात: भोवतालचं तापमान २२ अंश. आळेफाट्याला जानेवारीतल्या सकाळी मिळेल तेवढं. अशा पंपांची ड्यूटी बहुधा याच तापमानाला मोजून छापतात. त्यात लबाडी नाही, पण वाचणाऱ्यानं ती ओळ वाचली पाहिजे. मी नव्हती वाचली.

मग वहीवर हिशोब केला. ४५ अँपिअर आणि १३ व्होल्ट म्हणजे सुमारे ५८५ वॅट. पाच मिनिटांत १७५ किलोज्यूल. ८ किलोचं बहुतांशी अॅल्युमिनियमचं धूड, सगळी उष्णता त्यातच राहिली असं धरलं, तर ते २४-२५ अंशांनी तापेल. ३५ अंशांवरून निघालं तर साठीला थांबेल. ८० वरून निघालं तर १०५ला. सिलिंडरचं डोकं आणि मोटरचे ब्रश याहून तापतात, कारण उष्णता सगळीकडे सारखी पसरत नाही. शिवाय गरम हवा विरळ असते. ३५ अंशांच्या हवेच्या मानानं ७८ अंशांची हवा एका फटक्याला सुमारे १२ टक्के कमी भरते, म्हणजे तेच काम करायला यंत्र जास्त वेळ चालणार आणि जास्त तापणार.

बॉनेटखालची जागा सरसकट वाईट आहे असं मात्र म्हणणार नाही. हायवेवरून येऊन, बॉनेट उघडून, चहा होईपर्यंत थांबून टायर भरणाऱ्याला ती चालते. आखूड वायर हा मोठा फायदा असतो. उष्णतेचा पत्रा लावून बघावा का, असं शेठनी विचारलं. तो पत्रा एक्झॉस्टकडून थेट येणारी धग अडवतो. भोवतालची हवाच ८० अंशांची झाली असेल तर त्याचा काही उपयोग नाही.

आता दुसरी जागा शोधायची. या वेळी मीटर आधी आणि पाना नंतर, असं ठरवलं.

पुढच्या बंपरमागची जागा दोन मिनिटांत बाद केली. चारीतलं पाणी आधी तिथंच आदळतं, रेडिएटरचा वारा अडतो आणि टक्कर झाली तर पहिला बळी कॉम्प्रेसर.

हौद्याखाली, चेसिसच्या बाजूला जागा भरपूर. शेठचा कल तिकडेच होता, "केबिनमध्ये घाण नको" म्हणून. मी त्यांना गाडी रॅम्पवर घेऊन खालून दाखवली. एका रानफेरीनंतर चेसिसवर चार बोटं चिखल होता. मोटरला पाण्याचं संरक्षण असल्याचा शिक्का असला, तरी ते संरक्षण मोटरच्या कवचापुरतं. हवा ओढणारं फिल्टरचं तोंड उघडंच राहतं. त्याला पाइप लावून वर नेता येतो, पण दुसरी अडचण उरते: पाच मिनिटं चालून तापलेलं यंत्र लगेच ओढ्याच्या थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि सीलच्या फटींतून पाणी आत ओढते. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचे ब्रीदर, म्हणजे हवा ये-जा करायच्या नळ्या, उंच नेतात ते याच कारणानं. एका बाजूला सायलेन्सरची धग आहे ती वेगळीच. ही गाडी बीएस-४ होती म्हणून निदान तेवढंच. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ डिझेल पिकअपमध्ये काजळी जाळणारा फिल्टर असतो, आणि तो स्वतःला साफ करतो तेव्हा त्याच्या आत ५५०-६०० अंशांपर्यंत तापमान जातं. अशा गाडीत खाली काही बांधण्याआधी एक्झॉस्टची सगळी वाट हातानं दाखवून घ्यावी.

हौद्यात, केबिनच्या मागच्या पत्र्याला लागून पेटी करायची, हा मामांचा विचार. काम तिथंच असतं, होज तिथंच लागते, हे खरं. पण त्या हौद्यात सहा मीटरचे पाइप ढकलले जातात, आणि पोरं पाइप ढकलताना पेटी बघत नाहीत. बंद लोखंडी पेटीत उघडीप असलेल्या एका दुपारी नुसत्या उन्हानं ५८ अंश मोजले. रात्री गाडी साइटवर उभी राहिली तर कुलूप किती दिवस टिकेल, यावर मामा स्वतःच गप्प झाले.

उरलं केबिन. मागच्या सीटखाली, डाव्या अंगाला जॅक ठेवायचा कप्पा होता. रानातून बाहेर आल्यावर, एसी चालू असताना तिथं ३१ अंश. उन्हात चार तास उभ्या गाडीत ४४. स्टिअरिंगला हात लावता येत नव्हता तेव्हासुद्धा सीटच्या सावलीत ४४च. कोरडी जागा आणि धूळ बाहेरच्या मानानं कमी. माझ्या दृष्टीनं निकाल लागला होता.

मामांच्या दृष्टीनं नव्हता. दुपारी जेवणानंतर ते त्याच सीटवर अर्धा तास आडवे होतात. "आम्ही झोपायचं आणि खाली इंजिन सुरू करायचं, असं का?" हसण्यावारी नेण्यासारखा आक्षेप नव्हता. गाडी दिवसातले दहा तास त्यांच्या ताब्यात असते. त्यांना जे आवडत नाही ते महिन्याभरात कुणीतरी काढून ठेवतं, हे मी अनेक गाड्यांत पाहिलंय. तोड अशी निघाली: कॉम्प्रेसरचा स्विच डॅशबोर्डवर, इंजिन चालू असेल तरच त्याला सप्लाय, आणि टाकी आपोआप भरायची सोय काढून टाकायची. म्हणजे प्रेशर स्विच भरलेल्या टाकीला थांबवणार, पण सुरुवात माणसानंच करायची. झोपेत यंत्र दचकवणार नाही, असं मामांना करून दाखवल्यावर ते तयार झाले.

कॉम्प्रेसर, टाकी आणि होज जोडायचं तोंड एकाच ठिकाणी असलं पाहिजे असं कुठं लिहिलंय? आम्ही सुरुवातीला तिघांना एकत्र कोंबू बघत होतो, म्हणून सगळ्याच जागा अपुऱ्या वाटत होत्या. टाकीला ना श्वास घ्यायचा असतो ना ती तापते. ती हौद्याखाली, सायलेन्सरच्या विरुद्ध अंगाला, चेसिसच्या आतल्या बाजूला गेली. चेसिसच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडायचं नाही, कारण सगळा ताण तिथंच येतो. उभ्या भागात कंपनीची तयार भोकं होती, तीच वापरली. होज जोडायची तोंडं दोन केली, एक मागच्या बंपरखाली आणि एक डाव्या पायरीजवळ.

टाकी शेठनी तयार, चाचणीचा शिक्का असलेली घेतली होती. हे मुद्दाम लिहितो, कारण जुन्या फायर सिलिंडरला किंवा गॅसच्या डब्याला सॉकेट वेल्ड करून टाकी केलेल्या गाड्या आमच्याकडे येतात. मी त्यांना हात लावत नाही. आठ बारची, म्हणजे सुमारे १२० पीएसआयची हवा कोंडलेला, वेल्डनं जळलेला पत्रा माणसाच्या सीटपासून चार फुटांवर असू नये.

केबिनमध्ये आल्याचा दंड वायरमध्ये भरावा लागला. बॅटरीपासून सीटपर्यंत ४ मीटर, परतीचे ४, एकूण ८. खोक्यातली वायर ६ चौरस मिलिमीटरची होती. तिच्यात ४५ अँपिअरला सुमारे १.२ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. १६ चौरस मिलिमीटरची घातली तर ०.४४. परतीच्या वायरीसाठी बहुतेक जण जवळच्या पत्र्याला अर्थ देऊन मोकळे होतात. पिकअपमध्ये केबिन चेसिसवर रबरी बुशांवर बसलेली असते, आणि केबिन, चेसिस व बॅटरी यांच्यामधला अर्थ एखाद्या बारीक पट्टीवर अवलंबून असतो. म्हणून निगेटिव्हही थेट बॅटरीपर्यंत ओढली. ६० अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या टोकापासून एक वीत अंतरावर ठेवला. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो, तो कॉम्प्रेसरजवळ लावला तर मधली चार मीटर वायर उघड्यावर राहते. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून जाताना कंपनीचंच रबरी ग्रोमेट वापरलं.

सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्या पहिल्या मीटरभर पाइपनं. हवा आठ बारपर्यंत एका दमात दाबली आणि उष्णता बाहेर गेलीच नाही, असं गणित मांडलं तर तापमान ३०० अंशांजवळ येतं. प्रत्यक्षात सिलिंडरच्या भिंती बरीच उष्णता पिऊन घेतात, पण बाहेर येणाऱ्या नळीला हात लावून बघू नये. बाजारातली निळी पीयू (पॉलियुरेथेन) नळी साठेक अंशांपुढं मऊ पडते. म्हणून टाकीपर्यंत स्टीलच्या जाळीची टेफ्लॉन होज, मध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, आणि सीटचा फोम व कार्पेट जवळ येतात तिथं ग्लासफायबरची बाही. केबिनचा तळ ओलांडून चेसिसकडे जाताना होजला हातभर झोळ सोडला. खड्ड्यात केबिन एकीकडे आणि चेसिस दुसरीकडे हलते, तिथं ताणून बसवलेली नळी पहिल्या घाटातच मान टाकते.

कॉम्प्रेसर थेट तळाच्या पत्र्यावर न बसवता ६ मिलिमीटरच्या अॅल्युमिनियमच्या प्लेटवर, चार रबरी बुशांवर, तळापासून चार बोटं उंच बसवला. खाली पाणी आलंच तर भिजू नये आणि पत्र्याचा ढोल होऊ नये. तरी पहिल्या दिवशी झालाच. प्लेटचं एक टोक सीटच्या पायाला टेकत होतं. ते घासून कमी केल्यावर केबिनमधला आवाज एकदम उतरला. टायर भरताना मागचं दार उघडं ठेवायचं, हे मामांना सांगितलं. हवा खेळायला दार हवंच, आणि ते उघडं असलं की पाइप, जॅक, पोतं असं काही कॉम्प्रेसरवर रेललेलं नाही ना हेही दिसतं.

ऑक्टोबरच्या अखेरीस परतीच्या पावसानं रान पुन्हा ओलं केलं तेव्हा खरी चाचणी झाली. तेच रान, तोच पाऊण तास. चारही टायर एका दमात, चाकावरून चाकाकडे जाण्याचा वेळ धरून साडेसात मिनिटांत. कॉम्प्रेसरच्या कवचावर शेवटी ६३ अंश. वहीतला आकडा साठ होता, जवळ आला याचा आनंद कबूल करतो.

टाकीचा तळाचा कॉक दर आठवड्याला उघडायचा असतो. पावसाळ्यात ३० अंश आणि ८० टक्के दमट हवेत प्रत्येक घनमीटरमागे सुमारे २४ ग्रॅम पाणी असतं, दाबल्यावर त्यातलं बरंचसं टाकीत सुटतं. एका पूर्ण फेरीला चहाचा एक चमचा. कमी वाटतं, पण मामा महिनाभर विसरले तेव्हा पायरीजवळच्या तोंडातून कंट्रोलरच्या पंख्यावर हवेबरोबर तांबूस फवारा उडाला. तेव्हापासून डिझेल भरताना कॉक उघडायचा, असं त्यांनी स्वतःला लावून घेतलंय.

शेठना आता त्याच हवेवर चाकाचे नट सोडायची इम्पॅक्ट गन चालवायची आहे. नऊ लिटरच्या टाकीवर दोन नट निघतील आणि तिसऱ्याला वाट बघावी लागेल, असं सांगितलंय. बॅटरीवरची गन घ्या म्हटलं, विचार करतो म्हणाले.

पुढच्या जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर, फिल्टर उघडला. चिखल नाही, ओल नाही. पण जाळीवर करड्या-काळ्या लोकरीचा चांगला पापुद्रा बसला होता. हिवाळाभर मामा दुपारी घोंगडी पांघरून झोपत, आणि घडी करून ती ठेवायची जागा म्हणजे सीटखाली, फिल्टरच्या तोंडाला टेकून. केबिनची हवा स्वच्छ असते असं मी गृहीत धरलं होतं, घोंगडी धरली नव्हती. फिल्टर बदलला, हवा ओढायचं तोंड अर्ध्या मीटरच्या नळीनं सीटच्या पाठीमागं उंच नेलं. मामांनी घोंगडी पुढच्या सीटवर ठेवायचं कबूल केलंय, अजून तरी ती मागंच असते.